होडीची पुढची फळी

अहो, शीतलनं होडी धुवायला काढली आहे.

परवा मी मशीनवर बसले होते. बाहेर बोळीत नळीच्या पाण्याचा आवाज आला म्हणून खिडकीतून पाहिलं, तर आपली लेक पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, तुमचा जुना ब्रश घेऊन होडीच्या पोटात वाकलेली. मला वाटलं विकायला काढली. छातीत धस्स झालं आणि खोटं कशाला सांगू, लगेच बरंही वाटलं. गेली एकदाची ब्याद, म्हटलं. तेवढ्यात तिनं मान वर केली. "मम्मी, रविवारी तलावावर न्यायलीय मी होडी. रशीदचाचाला टेम्पोचं सांगितलंय."

"कोणासंगं?"

"एकटीच."

तेव्हापासून हाताला काम सुचत नाही. हातातलं ब्लाऊज तसंच मशीनखाली पडलंय, गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं. मापं सोडली तर मी आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही. पण हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मशीन पुन्हा चालायचं नाही. तुमच्याच होडीनं आणलेली आफत आहे, ऐकायला तुम्हीच पाहिजेत.

तुम्ही गेल्यावर तुमचा जलदान विधी झाला, तेव्हाचं कुणाला बोलले नाही ते आधी सांगते. भन्तेजींनी तांब्यातून वाटीत पाणी सोडायला सांगितलं. तांब्याला शीतलचा हात, माझा हात, तुमच्या बहिणीचा हात. पाणी वाटीच्या काठाशी आलं, काठावर जरासं थांबलं आणि मग एकदम चारी बाजूंनी सांडायला लागलं. सगळे हात जोडून बसले होते. मी हात मागं ओढला. वन्संना वाटलं मला रडू फुटलं, त्यांनी पाठीवरून हात फिरवला. रडू नव्हतं ते. मला होडीचा मागचा काठ दिसला होता आणि त्यावरून आत येणारं पाणी. भर घरात, इतक्या माणसांत, मी भ्याले होते.

आणि गंमत बघा. एवढी वर्षं ज्या पाण्याला मी भीत आले, त्यानं तुम्हाला काहीच केलं नाही. तुम्ही बोळीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गेलात. मांडीवर दोऱ्याचं रीळ, गाठ मारता मारता. मी चहा घेऊन आले तर गाठ अर्धी होती. मी आपली पाण्याकडं डोळे लावून बसले होते, आणि जे यायचं होतं ते घराच्या दारातून आलं. आता मला कशाचंच काही खरं वाटत नाही. शीतल गारखेड्याच्या लॅबमध्ये कामाला जाते, तिचा फोन दोनदा वाजून उचलला नाही की माझे हात गार पडतात. रिक्षा जोरात गेली तरी दचकते. अशी बाई आता एकुलत्या एक लेकीला पाण्यावर सोडणार, व्हय?

ही होडी घरात आली तेव्हाच मी म्हटलं होतं, हे लक्षण बरं नाही. आली कसली, तुम्ही ती गच्चीवरच केलीत. वाळूजच्या कारखान्यात दिवसभर फायबरच्या टाक्या करायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा तेच. सगळ्या गल्लीत त्या रसायनाचा वास. माझ्या वाळत घातलेल्या साड्यांना वास. होडी झाली, रंग दिला, शेजारपाजारचे बघायला आले, आणि मग टेम्पोवाल्या रशीदभाईंनी पहिल्यांदा विचारलं, "मिलिंदभाई, नीचे कैसा उतारते?" जिना होता दोन हाताचा. सगळी मापं घेतली होती तुम्ही, जिन्याचं तेवढं राहिलं होतं. शेवटी दोरखंड लावून कठड्यावरून खाली सोडली. निम्मं बजाजनगर खाली उभं राहून सल्ले देत होतं. मी दार लावून आत बसले होते, पण खिडकी उघडी होती.

मला होडीत कशाला घेतलंत, हे लोकांना तुम्ही गोड करून सांगायचात. बायकोला निसर्ग आवडतो म्हणे. खरी गोष्ट अशी की तुम्ही एकटे मागं बसलात की होडीचं तोंड वर व्हायचं आणि वाऱ्यानं ती भोवऱ्यासारखी फिरायची. पुढं कुणीतरी बसलं पाहिजे होतं. रशीदभाईंना पाणी चालायचं नाही, शीतलचे रविवारी क्लास. राहिलं कोण? पोहता न येणारी, विहिरीतसुद्धा कधी न वाकलेली मी. त्या दिवसापासून तुम्ही मला माझ्या नावानं हाक मारणं सोडलंत. "आमचं वजन आलं का? वजन बसू द्या, मग निघू." पिठाची गिरणी आहे का ही, म्हणून मी किती भांडले. पण रविवार आला की भाकरी बांधायचे, कांदा आणि तो चिरायला सुरी घ्यायचे आणि फुलंब्रीच्या पुढं त्या तलावापर्यंत टेम्पोत तुमच्या शेजारी बसून जायचे. कामून जायचे, ते मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं, पण आता लिहिणार नाही. लिहिलं तर पुढचं लिहायचं राहील.

पुढच्या फळीवर बसून बसून मी शिकले सगळं. तुम्हाला वाटायचं मी डोळे मिटून बसते. मिटायचेच, पण कान उघडे असायचे. होडीत पाय टाकायचा तो बरोबर मधोमध, दोन्ही हात दोन्ही काठांवर, आणि मासा कितीही मोठा असो, उभं राहायचं नाही. सकाळी निघताना वाऱ्याच्या तोंडावर वल्हवत जायचं, म्हणजे दमल्यावर वारंच आपल्याला घरी आणतं. मरळ मासळी हवा प्यायला वर येते, तिथं पाणी फुटतं, पण गळाचा नकली बेडूक तिच्या डोक्यावर टाकायचा नाही. तिच्या पलीकडं टाकायचा, शेवाळावरून सरपटत आणायचा आणि मोकळ्या पाण्याची खिडकी आली की थांबवायचा. थांबवलेल्यालाच ती मारते. पाणी गढूळ असलं तर काळा बेडूक, नितळ असलं तर हिरवा. आणि लाल पिल्लांचा घोळका दिसला की बेडूक गुंडाळून ठेवायचा, कारण खाली त्यांची आईबाप राखण करत असतात. हे एक मला तुमचं फार आवडायचं. तिथं तुम्ही वल्हंसुद्धा हळू मारायचात.

बेडकांचे पाय माझे, हे विसरू नका. विकतच्या बेडकाचे रबरी पाय दोन रविवारांत झडायचे. मी शिवणकामाच्या इलॅस्टिकमधले धागे काढून, काळ्या दोऱ्यानं आवळून नवे बसवायचे. सारखे कापले तर तो पाण्यावर वळत नाही, ताठ जातो, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. मीच तुम्हाला सांगितलं. एकीकडचे पाय जरा आखूड कापू द्या, म्हटलं. तुम्ही ऐकलंत, आणि त्या दिवशी मिळालेली मरळ सगळ्या गल्लीला दाखवलीत. पायांचं श्रेय मात्र "आमच्या वजनाला" दिलंत. माझं नाव घ्यायला काय झालं होतं?

आणि ते तुमचं ठरलेलं वाक्य. मासा बेडकावर तुटून पडला, पाणी उडालं, की नवशिक्या माणूस दचकून गळाची काठी ओढतो आणि बेडूक उडून त्याच्याच तोंडावर येतो. तुम्ही म्हणायचात, "आवाजाला ओढायचं नाय. हाताला भार लागू दे, मग ओढ." मी त्यावर हसायचे. मला तर नुसत्या आवाजानंच होडीतून उडी मारावीशी वाटायची.

आता भांडणाकडं येते. आपली खरी भांडणं दोनच होती. एक लाइफ जाकिटाचं. माझं मी बजाजनगरपासूनच अंगात घालायचे, टेम्पोत. लोक हसायचे. तुम्ही मात्र तुमचं बुडाखाली घालून बसायचात. म्हणे फळी टोचते. मी सांगून थकले की बसून बसून त्याचा फोम दबलाय, उद्या ते तुम्हाला वर धरायचं नाही, तुम्हीच त्याला वर धराल. तुम्ही म्हणायचात, मला पोहता येतं. हे भांडण मी जिंकले की हरले, सांगता येत नाही.

दुसरं भांडण त्या वैशाखातल्या दिवसाचं.

तेव्हा लंगराचा दगड तुम्ही मागं, तुमच्या बाजूला बांधायचात. का, तर ओली दोरी आणि चिखल माझ्या मांडीवर येऊ नये म्हणून. "तू कामून भिजतेस," म्हणायचात. मला काय कळत होतं त्यातलं? मला उलट बरं वाटायचं, की माणसाला एवढी तरी काळजी आहे. दुपारी बेशरमाच्या झुडपांसमोर आपण होडी उभी केली होती. झुडपांत मरळ होती, तुमचे डोळे तिकडं. आधी उन्हातला आवाज बंद झाला. पक्षी गप्प. मग धरणाच्या भिंतीकडून वारं आलं. पाण्यावर एक काळी रेघ धावत येताना मी पाहिली, आणि मी बोटानं दाखवलं, पण तुमची नजर बेडकावर होती.

दोरी मागं होती, म्हणून होडीनं पाठ वाऱ्याकडं केली. पुढचं टोक निमुळतं असतं, लाट तिथं फुटते. मागचा भाग सपाट, त्यात तुमचं वजन, त्यात दगडाची ओढ. पहिली लाट काठाशी आली. काठावर थांबली. दुसरी आत. तुमच्या चपला तरंगायला लागल्या. तुम्ही गाठ सोडायला गेलात आणि ओली गाठ सुटेना. मी उठून तुमच्याकडं यायला निघाले, आणि तुम्ही ओरडलात.

"संगीता! जागची हलू नको! संगीता!"

कित्येक वर्षांनी तुमच्या तोंडून माझं नाव आलं, आणि तसल्या आवाजात. असला आवाज तुमचा मी ना त्याआधी ऐकला, ना नंतर. मी कांद्याची सुरी काढली, पालथी पडले, पोटाखाली पाणी, आणि हात लांब केला. तुमची बोटं माझ्या बोटांना लागली तेव्हा ती गार होती, वैशाखात. तुम्ही दोरी कापली. होडी गर्रकन फिरली आणि वाऱ्यानं आपल्याला सरळ बेशरमाच्या झुडपात नेऊन कोंबलं. मी डब्यानं पाणी उपसत होते आणि दात वाजत होते. तुम्ही चपला शोधून पायात घातल्यात. मग म्हणालात, "बघ, कशी आपोआप काठाला आणली."

घरी आल्यावर मी विचारलं, सुरी कुठंय? तुम्ही म्हणालात, गेली पाण्यात. लग्नानंतर आपण घेतलेली ती पहिली सुरी, मुठीची फट मी निळा दोरा गुंडाळून बुजवली होती. मला हळहळ वाटली. पण त्याहून जास्त राग आला तो पुढं. मी म्हटलं, कांदा नेला नसता तर आज काय झालं असतं? तुम्ही म्हणालात, काही नाय, गाठ सुटलीच होती. मी म्हटलं, तुम्ही भ्यालात. तुम्ही म्हणालात, मी? मी म्हटलं, आवाज ऐकला मी तुमचा. तुम्ही म्हणालात, वाऱ्यामुळं तसा आला. पुढच्या रविवारी मी दुसरी सुरी पिशवीत टाकली, ती तुम्ही काढून ओट्यावर ठेवलीत. "कांदा बुक्कीनं फोडायचा. सुरी कशाला?"

होडीच्या पुढच्या टोकाला कडी मात्र तुम्ही त्याच आठवड्यात बसवलीत. तेव्हापासून दगड पुढं, ओली दोरी माझ्या मांडीवर. त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत.

त्यानंतर हे भांडण कितीदा झालं! वन्संसमोर, रशीदभाईंसमोर, जेवताना. मी विचारायचे, भ्यालात का नाही, एवढंच सांगा. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचात, "वजनानं जास्त बोलू नये, होडी हलते." मला हरवायचं नव्हतं हो तुम्हाला. मला एवढंच पाहिजे होतं की त्या होडीत भीत बसलेली मी एकटीच नव्हते, असं तुम्ही एकदा म्हणावं. मेलात, पण कबूल केलं नाहीत.

तर आता शीतल. काल तिला समोर बसवलं. म्हटलं, "एकटीनं होडी चालत नाय, तुला ठाऊक आहे. तोंड वर होतं."

"पुढं वाळूची गोणी ठेवते ना."

अहो, माझ्या जागी वाळूची गोणी! मला आधी राग आला आणि मग अशी भीती वाटली की घाम फुटला. होडीत पाणी आलं तर वाळू दगड होते, होडीला घेऊन खाली जाते. तुम्हीच सांगितलेलं, की वजन ठेवायचंच झालं तर पाण्याचे कॅन ठेवावेत, पाण्यात पाण्याचं वजन राहत नाही. तिला हे सांगितलं तर म्हणते, "तुला लई माहितीय की गं."

"तुझ्या बापानं शिकवलंय. जायचं नाय तू."

"मम्मी, पप्पांची खुर्ची तू आत उचलून ठेवलीस. काठ्या माळ्यावर टाकल्या. मला त्यांच्याजवळ बसायचंय, तर कुठं बसू मी?"

 मी उठून पोळ्या करायला लागले. रशीदभाईंना फोन करून म्हटलं, टेम्पो बिघडलाय म्हणून सांगा तिला. ते म्हणाले, "भाभी, बच्ची से झूठ नक्को बुलवाव मेरेसे. मिलिंदभाई उप्पर से देखरे. तुम बी चलो ना." मी म्हटलं, मेले तरी त्या होडीत पाय ठेवणार नाही. ते म्हणाले, "हौ, ठीक है," आणि हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात?

उद्या रविवार आहे. मला भीती वाटते. दुसरं काहीच वाटत नाही, तुमचं दुःखसुद्धा या भीतीच्या मागं जाऊन उभं राहिलंय.

*

वरचं शनिवारी लिहिलं होतं. आज सोमवार.

गेले. दुसरं काय करणार होते? सकाळी टेम्पोचा आवाज आला, आणि मी जाकीट अंगात घालून दारात उभी होते. शीतलनं सरकून जागा केली. रशीदभाईंनी टेम्पो सुरू केला. टेम्पोत होडीशेजारी गोणी घडी घालून ठेवलेली दिसली, रिकामी. वाळू कुठं दिसली नाही. 

तलावावर गेल्यावर तिनं तुमचं जाकीट घातलं. मी ते अंगातून काढायला लावलं. बोटानं दाबून दाखवलं, फोम उठतच नाही. तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या माणसाकडून त्याचं जाकीट मागून घेतलं आणि तिच्या गळ्यापर्यंत पट्टे आवळले. ती म्हणाली, श्वास घेता येईना. म्हटलं, थोडा कमी घे. तुमचं जाकीट रशीदभाईंनी काठावर अंथरलं आणि त्यावर बसले. त्याला तीच सवय आहे.

मधोमध पाय, दोन्ही हात काठांवर. बसले. पाण्याचा तो हलका धक्का बुडाला लागला आणि माझं सगळं अंग आखडलं. मागून वल्ह्याचा आवाज यायला लागला. तुमचाच ताल, अहो. एक लांब, एक आखूड. तिला कुठून आला? मी मागं वळले नाही. वळले असते तर तिथं तुम्ही नसता, आणि तेवढं मला पाण्यावर सोसलं नसतं. म्हणून डोळे मिटून मी तो ताल ऐकत राहिले. तेवढा वेळ, खरं सांगते, तुम्ही मागं होतात.

शेवाळाच्या कडेला तिनं बेडूक टाकला. माझे पाय लावलेला शेवटचा काळा. खिडकीत आला, थांबला, आणि पाणी असं उडालं की माझ्या तोंडून किंकाळी निघाली. तिनं दचकून काठी ओढली, आणि बेडूक उडून माझ्या पाठीवर जाकिटात रुतला. मी न वळता म्हटलं, "आवाजाला ओढायचं नाय. हाताला भार लागू दे."  मागून नाक ओढल्याचा आवाज आला. मी तिला रडू दिलं. माझंही चाललंच होतं.

ऊन चढल्यावर वारं सुटलं. फार नव्हतं, पण मला पुरेसं होतं. मी म्हटलं, चल काठाला. ती म्हणाली, "पाच मिनिटं, मम्मी. दगड टाकते, झुडपासमोर एकदा बघू." आणि माझ्या पायाशी ठेवलेला दगड तिनं वल्ह्यानं स्वतःकडं ओढला. "इकडं मागं बांधते. तू कामून भिजतेस?"

अहो, तेच शब्द.

मी ओरडले. कशी ओरडले मला माहीत नाही, काठावर रशीदभाई उभे राहिले. "शीतल! मागं नाय! दे इकडं!" माझाच आवाज मला ओळखू आला नाही. वाऱ्यामुळं नव्हता तो तसा. तिनं गुपचूप दगड पुढं सरकवला. मी कडीतून दोरी ओवली, गाठ मारली, दगड सोडला. मांडी भिजली, गार पाणी पोटरीवरून खाली गेलं. होडीनं तोंड वाऱ्याकडं केलं आणि लाटा पुढच्या टोकावर फुटायला लागल्या. एकही आत आली नाही. तरी मला धीर येईना. धरायला काही सापडेना, म्हणून डावा हात फळीखाली घातला.

हाताला रबर लागलं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा, फळीच्या खालच्या अंगाला फायबरनं पक्का चिकटवलेला. त्यात काहीतरी खोचलेलं. मी ओढलं.

सुरी होती. ग्रीसनं माखलेली, धार नवीसारखी. मुठीला निळा दोरा.

मी अंगठ्यानं दोऱ्यावरचं ग्रीस पुसलं. मागून शीतल हळूच म्हणाली, "सापडली व्हय?"

"तुला ठाऊक होतं?"

"धुताना दिसायची ना. पप्पा दर महिन्याला काढून धार लावायचे, ग्रीस लावायचे. तू डावरी म्हणून डाव्या हाताला बसवली. मला शपथ घातली होती, मम्मीला सांगायचं नाय."

"कामून?"

"म्हणायचे, तिला कळलं मी पण भितो, तर ती होडीत बसायची नाय. अन् ती नाय बसली तर मला एकट्याला त्या पाण्यावर जायला लई भ्या वाटतंय."

वारं येत होतं. होडी जागेवर हलत होती. मी सुरी ट्यूबमध्ये परत खोचली, डाव्या हाताला येईल अशी.

म्हणजे भांडण मी जिंकले. इतकी वर्षं, दर रविवारी, मागच्या फळीवर तुम्ही भीत बसायचात आणि पुढच्या फळीवर मी. मध्ये भाकरीचा डबा. पाठ माझी तुमच्याकडं, म्हणून मला तुमचं तोंड कधी दिसलं नाही. आता जिंकून काय करू? कुणाला दाखवू?

एकदा सांगायचं होतं हो. मी बसले नसते, हे तुम्हाला कुणी सांगितलं? दोघं मिळून भ्यालो असतो.